पाटलांच्या गल्लीतलं सोजरबाईचं घर

सोजरबाई पडघान आमच्या निंबारीची. शेलूबाजारहून कच्च्या रस्त्यानं आत आलं की नाल्याच्या अलीकडे बौद्धपुरा लागायचा, त्यात शेवटचं घर तिचं. नवरा पुंजाजी सडकेच्या गँगवर मजूर होता. दोघांना एकच मुलगा, इंद्रभान. मी या गावात सून म्हणून आले ती सत्याहत्तर साली. तेव्हा वाशीम जिल्हा झालेला नव्हता, आम्ही अकोला जिल्ह्यात मोडायचो. पुढचं जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि त्याआधीचं सोजरबाईच्याच तोंडून ऐकलं.

इंद्रभान दिसायला देखणा, पण कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. लहानपणी किती तरी वर्षं बोललाच नाही, आणि बोलायला लागला तेव्हा आपण विचारलेलंच परत म्हणायचा. ‘जेवला का?’ म्हटलं की ‘जेवला का.’ एसटीचा हॉर्न वाजला की कान दाबून खाली बसायचा. रोज त्याच वाटेनं जायचं, त्याच ताटलीत खायचं; त्यात बदल झाला की भिंतीवर डोकं आपटायचा. आज याला स्वमग्नता म्हणतात. तेव्हा आमच्याकडे दोनच शब्द होते, येडा आणि खुळा.

शेजारणी सांगायच्या, बाहेरचं लागलं असेल, भगताकडे ने. सोजरबाईचं मन एकदा हललं होतं. पुंजाजी म्हणाला, “आपण छप्पन साली दीक्षा घेतली तवा थे सारं सोडलं. आता पोरासाठी मागच्या दारानं आणाव काय?”

“मंग करायचं काय?”

“त्याच्यासंगं राहाचं. दुसरं काय करता.”

मग ती दोघं त्याच्यासंगं राहायला शिकली. गाडी यायच्या आधी सोजरबाई त्याला सांगून ठेवायची, आता हॉर्न वाजीन बरं. नवी वाट धरायची तर आदल्या दिवशी त्याला तिथपर्यंत नेऊन आणायची. सारंच जमलं नाही. तिच्या मनगटावर त्याच्या दातांचे व्रण शेवटपर्यंत होते. पण तिनं त्याला बांधलं मात्र कधी नाही.

बांधणं ही तेव्हा काही विशेष गोष्ट नव्हती. हातावर पोट असलेल्या घरात असं लेकरू असलं, की आई-बाप कामावर जाताना त्याला खांबाला नाही तर झाडाला बांधून जायचे. नाही तर ते विहिरीत पडेल, आगीत हात घालेल, वाटेला लागून हरवेल. दुष्टपणानं कुणी करत नव्हतं. दुसरा उपाय माहीत नव्हता.

बहात्तरच्या दुष्काळात सडकेपलीकडे पाझर तलावाचं काम निघालं. गावोगावच्या बाया माती वाहायला यायच्या. त्यात मानोऱ्याकडच्या तांड्यावरची सुंदरबाई होती. तिनं आपल्या रतनसिंगला बाभळीला बांधून ठेवलं होतं. पोरगा दाव्याच्या टोकापर्यंत जायचा आणि परत यायचा, दिवसभर. पायाखालची जमीन गोल घासून गेली होती. सोजरबाई इंद्रभानला घेऊन त्याच कामावर होती. दुपारच्या सुटीत ती बाभळीपाशी गेली आणि दावं सोडायला लागली.

सुंदरबाई धावत आली. “सोडू नको व, थो पळते.”

“पळू दे. मी पळीन त्याच्यामागं.”

आणि ती खरंच पळाली. उन्हात, तलावाच्या खड्ड्याभोवती, लुगडं खोचून. बाया टोपल्या खाली ठेवून बघत राहिल्या. रतनसिंग दमला तेव्हा इंद्रभानच्या शेजारी सावलीत जाऊन बसला. दोघं एकमेकांकडे पाहत नव्हते, पण उठतही नव्हते. मुकादम शहाणा माणूस होता. दुसऱ्या दिवशीपासून त्यानं सोजरबाईला माती वाहण्यातून काढून लेकरं सांभाळायला बसवलं.

दुष्काळ सरला, काम संपलं. दिवाळीनंतर सुंदरबाई आणि तिचा नवरा बाबूसिंग ऊसतोडीला निघाले, तेव्हा वाट वाकडी करून सोजरबाईच्या दारात आले. “टोळीवर याले कोठी बांधू व माय? चारी अंगानं कोयते चालतात. तुह्यापाशी ठेवशीन काय?” सोजरबाईनं पुंजाजीकडे पाहिलं. तो म्हणाला, “आपल्या इंदरले सोबत होईन.”

तेव्हापासून दर हंगामाला रतनसिंग यायचा. मग कामरगावहून एक जण आला, मंगरूळच्या बाजूच्या दोन बहिणी आल्या. लेकरं होती ती बघता बघता तरणी झाली. सोजरबाईनं त्यांना पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावायला शिकवलं. तेच काम पुन्हा पुन्हा करणं या पोरांना आवडायचं. त्यांच्या पत्रावळी इतक्या सारख्या व्हायच्या की बाजारात गिऱ्हाईक मागून न्यायचं. शेजारची लिलाबाई मदतीला यायला लागली. पण घर म्हणजे एक खोली आणि एक पडवी. नाल्याला पूर आला की पाणी चुलीपर्यंत यायचं आणि साऱ्यांना घेऊन समाजमंदिरात जावं लागायचं.

मी सून होऊन आले त्याच्या पुढल्या उन्हाळ्यातली गोष्ट. पाटलांच्या गल्लीत आमच्या घरासमोर नानाजी राऊतांचं घर. बागायती असलेला, कमी बोलणारा शेतकरी. एका दुपारी ते एकटेच बौद्धपुऱ्यात गेले आणि सोजरबाईच्या पडवीत बसले. बराच वेळ पोरांचं काम पाहत राहिले. मग म्हणाले, “सोजरबाई, माह्या घरी पण एक हाय.”

तिला ते ठाऊक होतं. साऱ्या गावाला ठाऊक होतं, पण कुणी बोलत नव्हतं. नानाजींची मुलगी रुख्मिणी पंचविशीला आली होती आणि मागच्या खोलीच्या बाहेर तिला कुणी पाहिलेलं नव्हतं. मी समोर राहत असून मला फक्त तिचा आवाज माहीत होता. एकच सूर ती लांबवत राहायची.

“आणा ना मंग तिले,” सोजरबाई म्हणाली.

“तिची माय रंगूबाई म्हणते, लोक काय म्हणतीन.”

“लोक दोन दिस म्हणतीन नानाजी. पोरगी आतमंदी जलमभर राहीन.”

नानाजींनी मुलासाठी गल्लीतच टिनाचं नवं घर बांधलं होतं. मुलगा नोकरीवर अकोल्याला राहिला आणि घर रिकामं पडलं. दोन मोठ्या खोल्या, पुढे ओटा, मागे आंगण आणि विहीर. नानाजी म्हणाले, “तुमी साऱ्यायले घेऊन तिथं या. रुख्मिणी पण तिथंच राहीन. भाडं-बिडं काही नाही.”

सोजरबाई लगेच हो म्हणाली नाही. ती बौद्धपुऱ्यातली बाई आणि ते घर पाटलांच्या गल्लीत. तिनं तेवढंच विचारलं, “गल्ली येऊ देईन काय?”

“घर माह्यं हाय,” नानाजी म्हणाले.

पण गल्लीत जगदेवराव गावंडेही राहत होते. पंचायत समितीवर निवडून गेलेले, पांढरं धोतर, बोलायला गोड. पुढल्या वर्षी जिल्हा परिषदेची निवडणूक होती आणि त्यांना तिकडे जायचं होतं. बातमी कळल्यावर ते घरोघरी फिरले. आमच्याकडेही आले, चहा घेतला. माझ्या सासूला म्हणाले, “काकू, गल्लीत पोरीबाळी हायेत. उद्या सोयरीक करायले पाव्हणे आले अन् समोर हे येड्यायचं घर दिसलं, त मागच्या मागं फिरतीन. थे पोट्टे कोणाच्या घरात घुसतीन, काय नेम?” जाता जाता आवाज बारीक करून म्हणाले, “अन् कोणाच्या हाताखाली राहतीन थे सारे, हे बी समजून घ्या.” माझी सासू दुर्गाबाई तापट आणि जुन्या वळणाची. ती तेव्हा मान डोलावून बसली.

ठरलेल्या दिवशी सकाळी सोजरबाईची बैलगाडी निघाली. गाडीत अंथरुणं, भांडी, पळसपानांचे भारे. मागून पोरं चालत होती, एकमेकांचा हात धरून. इंद्रभानला तिनं आठवडाभर रोज त्या वाटेनं आणलं होतं, म्हणून तो शांत होता. गल्लीच्या तोंडाशी मात्र बोराटीच्या काट्यांची आडवी रास टाकलेली होती आणि जगदेवरावांची माणसं उभी होती. जगदेवराव स्वतः मागे ओट्यावर.

गाडी थांबली. त्या माणसांनी ओरडायला सुरुवात केली, वापस ने म्हणून. एकानं टिनाचा डबा वाजवला, बैल बुजावे म्हणून. बैल बुजले नाहीत, पण इंद्रभान कान दाबून खाली बसला आणि गाडीच्या चाकावर डोकं आपटायला लागला. डोकं फुटलं. सोजरबाईनं त्याचं डोकं आणि चाक यांच्यामध्ये आपला हात घातला आणि तो तसाच ठेवला. रतनसिंग जागच्या जागी उड्या मारत होता. डबा वाजतच होता, आणि वाजवणारा हसत होता.

मी दारात उभी होते. माझ्या शेजारी सासू उभी होती. तिनं डोक्यावरचा पदर तोंडावर धरला. सोजरबाईनं गाडी वळवली. जाताना एवढंच म्हणाली, “आमी भांडाले नव्हतो आलो, जगदेवराव. राहाले आलो होतो.”

त्यानंतर गल्लीत कुणी कुणाशी नीट बोलत नव्हतं. पाव्हणे मागे फिरतील याची भीती ज्यांना वाटत होती, त्यांनाही ते रक्त दिसलं होतं.

जगदेवरावांना मात्र आपण मोठं काम केल्यासारखं वाटत होतं. निवडणुकीचा प्रचार सुरू झाला तेव्हा शेलूबाजारच्या आठवडी बाजारात त्यांची सभा झाली. लाउडस्पीकर, जीप, हार. मी आणि सासू तेलमीठ घ्यायला गेलो होतो, गर्दीत अडकून उभ्या राहिलो. भाषणात ते म्हणाले, “म्या माह्या गावात येड्यायचं घर होऊ देल्लं नाही. अशा पोरायची जागा गावात नाही. त्यायले दाव्यानं बांधूनच ठेवा लागते. जनावरापेक्षा येगळं काय हाय त्यायचं?” पुढे बसलेल्या त्यांच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हा बाजूनं एक लमाण बाई पुढे यायला लागली. सुंदरबाई होती. ती त्या दिवशी बकरी विकायला आली होती. बकरी विकली की दावं मालक परत घेतो, तसं ते दावं तिच्या हातात राहिलं होतं. स्टेज म्हणजे दोन बैलगाड्या जोडून केलेलं. ती त्याच्यासमोर उभी राहिली. कुणी अडवलं नाही, कारण ती काय करणार हे कुणाला कळेना.

“सायेब,” ती म्हणाली, “तुमी कवा बांधलं हाय काय कोणाले? म्या बांधलं हाय. माह्या पोटच्या पोराले. सकाळी बांधाव, सांजेले सोडाव. सोडतानी थो माह्या हाताले चावे. म्या म्हणो, चाव बापा, तुहा हक हाय. मंग त्या सोजरबाईनं त्याले सोडलं, अन् आमी पोट भराले जाऊ लागलो. आता तुमी म्हणता पुन्हा बांधा.” तिनं हातातलं दावं स्टेजवर ठेवलं. “हे घ्या. माह्या हातून नाही होत आता. तुमीच बांधा.”

लाउडस्पीकर चालू होता आणि ती जवळ उभी होती, त्यामुळे तिचं बोलणं बाजारभर ऐकू गेलं. जगदेवराव हसून म्हणाले, “विरोधकायनं पाठवली दिसते.” कुणी हसलं नाही. मागून कामरगावचा एक म्हातारा उठला, धोतर झटकलं आणि चालायला लागला. मग त्याच्या शेजारचा उठला. कुणी घोषणा दिली नाही, दगड मारला नाही. माणसं नुसती उठून जात राहिली. सतरंजी दिसायला लागली तरी जगदेवराव बोलतच होते.

 घरी आल्यावर माझी सासू गोठ्यात गेली आणि भिंतीवरचं एक जुनं दावं काढून आणलं. मला वाटलं, गाईसाठी. ती म्हणाली, “माह्या मोठ्या बहिणीले आमच्या बापानं बांधलं होतं. मरेपर्यंत.” एवढं बोलून ती जगदेवरावांच्या ओट्यावर गेली आणि दावं तिथं ठेवून आली. मला या घरात येऊन इतके दिवस झाले होते, तिला अशी बहीण होती हे मला तेव्हा कळलं. तिच्या लेकालाही तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर आणखी दावी होती. तिसऱ्या दिवशी जगदेवरावांच्या बायकोनं ती उचलून गोठ्यात टाकली, तोवर शेलूबाजारकडून बाया आल्या. कुणाच्या हातात सुताची दोरी, कुणाच्या अंबाडीची, एकीच्या हातात सायकलची साखळी. आमच्यासारख्या शेतकऱ्यांच्या बाया होत्या, बौद्धपुऱ्यातल्या होत्या, तांड्यावरच्या होत्या. त्या ठेवायच्या, क्षणभर उभ्या राहायच्या आणि जायच्या. इतक्या घरांत अशी लेकरं असतील हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्या बायांनाही नव्हतं. जाताना त्या एकमेकींना विचारायच्या, “तुह्या घरी कोण हाय व? बोलते काय?” कित्येकींनी तो प्रश्न जन्मात पहिल्यांदा ऐकला असेल.

जगदेवरावांची जीप ज्या गावात जाई, तिथं शिवेवरच्या झाडाला दावं टांगलेलं असायचं. सभेला माणसं यायची नाहीत आणि आली तर एकच विचारायची, “तुमी कोणाले बांधाले आले?” ज्यानं डबा वाजवला होता त्याच्या बायकोनं त्याला प्रचाराला जाऊ दिलं नाही म्हणे. जगदेवरावांनी खुलासे केले, की मी तसं बोललोच नाही, शब्द तोडले-मोडले. पण शब्द तर त्यांच्याच लाउडस्पीकरवरून सगळ्यांनी ऐकले होते.

मतदानाच्या आधीच एका सकाळी नानाजींचं दार उघडलं आणि ते रुख्मिणीचा हात धरून बाहेर आले. मागे रंगूबाई, डोळ्यांना पदर लावलेली. उजेडानं रुख्मिणीचे डोळे बारीक झाले होते. नानाजी गल्लीच्या मधोमध उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “ही माही लेक. रुख्मिणी. आजपासून थे आपल्या टिनाच्या घरात राहीन. ज्याले गल्ली सोडाची अशीन त्यानं सोडाव.”

कुणीच सोडली नाही. माझ्या सासूनं विळा घेतला, लुगडं खोचलं आणि गल्लीच्या तोंडाशी अर्ध्या वाटेत अजूनही वाळून पडलेली ती बोराटी उचलायला लागली. काटे हातात घुसत होते. मी गेले, शेजारच्या गेल्या, मग पुरुषही आले. वाट मोकळी झाली तसा कुणीतरी बौद्धपुऱ्यात निरोप दिला.

गाडी आली तेव्हा गल्लीत कुणी ओरडलं नाही. सोजरबाईनं आधीच कळवलं होतं, की आवाज करू नका, माह्या पोरायले सोसत नाही. हलगीवाला आला होता त्यानं हलगी काखेत धरली. साऱ्या गल्लीतली माणसं दोन्ही बाजूंनी गुपचूप उभी होती आणि मधून ती पोरं चालत गेली. अशी मिरवणूक मी पुन्हा पाहिली नाही. कित्येकांचे डोळे भरले होते, तरी सारे दात दाखवून हसत होते. इंद्रभाननं ओट्याच्या पायरीवर पाय ठेवला, थांबला, आणि आत गेला. मागोमाग माझ्या सासूनं पिण्याच्या पाण्याचा हंडा आत नेऊन ठेवला. सोजरबाईनं त्यातलं पाणी तांब्यात काढलं आणि तिलाच दिलं. सासूनं ते उभ्या उभ्या, साऱ्या गल्लीसमोर प्यायलं. आमच्या घरातल्या कुणी बौद्धपुऱ्यातल्या बाईच्या हातचं पाणी पिण्याची ती पहिली वेळ.

निवडणुकीत जगदेवराव पडले. निंबारीतही पडले, आपल्या गल्लीतही पडले. निकालाच्या दिवशी शेलूबाजारात हॉटेलवाल्यानं ओळखीच्या-अनोळखीच्या साऱ्यांना चहा पाजला. पुंजाजी सडकेवरून डांबरानं माखलेला तसाच आला होता, त्याला लोकांनी खांद्यावर घेतलं. तो म्हणत राहिला, “मले कायले? तिले घ्या ना.”

जगदेवराव पुढे कितीक महिने गल्लीत खाली मान घालून जायचे. मग एक दिवस टिनाच्या घराच्या ओट्यावर येऊन बसले. सोजरबाई पत्रावळी बांधत होती.

“चुकलं माह्यं, बाई.”

“व्हय, चुकलं,” ती म्हणाली. नाही-नाही, जाऊ द्या, असलं काही म्हणाली नाही. मग म्हणाली, “ग्रामपंचायतीत तुमचं वजन हाय अजून. ह्या घराले नळ पाह्यजे. विहिरीवर पोट्टे गेले की माहा जीव वर-खाली होते.” नळ आला.

घर वाढत गेलं. मानोऱ्याच्या बाजूला सुंदरबाईनं आणि दोन-तीन बायांनी तसंच दुसरं उभं केलं, तेव्हा सोजरबाई तिथं महिनाभर राहून आली. पण तिला विचारलं, की सगळ्यात आनंदाचा दिवस कोणता, तर ती त्या मिरवणुकीचं सांगायची नाही, निकालाचंही नाही.

गल्लीत राहायला आली त्याच वर्षी उन्हाळ्यात तिच्या भाचीचं लग्न मूर्तिजापूरला होतं. इंद्रभान जन्मल्यापासून ती त्याला सोडून एक रात्र कुठं राहिली नव्हती. लिलाबाई आणि माझी सासू म्हणाल्या, तू जा, आम्ही आहोत. ती गेली. लग्नात गात होती म्हणे, जेवली, मांडवात बहिणीशेजारी लवंडून गाढ झोपली. परत आली तेव्हा मी ओट्यावरच होते. एसटीतून उतरून ती धावतच आली होती. इंद्रभान आत रुख्मिणीशेजारी बसून पानं जुळवत होता. आई आली हे त्यानं ऐकलं. मान वर केली नाही. “आली,” एवढं म्हणाला आणि पुढचं पान घेतलं.

सोजरबाई दारातच खाली बसली आणि हसायला लागली. लिलाबाई म्हणाली, “काय झालं व?”

“काही नाही,” ती म्हणाली, “त्याचं माह्याबिगर काही अडलं नाही पाह्य.” आणि पुन्हा हसली.